जन्मजात श्वासपटल हर्निया : उघडी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

गर्भात श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, पूर्ण जुळून आले नाही, तर राहिलेल्या छिद्रातून आतडी, जठर, प्लीहा, कधी यकृतही छातीत चढते. सुमारे ३,००० जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. बहुतेकदा तो डावीकडे, मागच्या बाजूला असतो. जिवाला धोका छिद्रापेक्षा फुप्फुसामुळे अधिक. जागाच न मिळाल्याने ते खुरटते आणि त्यातील रक्तवाहिन्यांचा दाब चढाच राहतो. पूर्वी जन्मताच घाईने शस्त्रक्रिया करत; आता आधी बाळ स्थिरावू देतात.

उघड्या पद्धतीत बहुधा बरगड्यांच्या कडेखाली पोटावर चीर घेतात, अवयव हलक्या हाताने खाली आणतात आणि छिद्राच्या कडा न विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. कडा एकमेकींना पोचत नसतील, तर कृत्रिम पॅच लावतात. छिद्र मोठे असो की यकृत वर गेलेले असो, सर्जनच्या हातांना इथे वाव असतो. मात्र व्रण मोठा राहतो आणि पुढे आतडी चिकटून अडथळा येण्याची शक्यता अधिक.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया नवजात बाळात सहसा छातीतून करतात. बरगड्यांमधून ३ ते ५ मिलिमीटरच्या नळ्या घालून अगदी कमी दाबाने कार्बन डायऑक्साइड सोडतात; आतडी खाली ढकलायला या वायूची मदतच होते. पण तो रक्तातही शोषला जातो. लंडनमधील एका छोट्या यादृच्छिक चाचणीत (म्हणजे कोणत्या बाळाला कोणती पद्धत हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या चाचणीत, २०१३) दुर्बिणीच्या गटातील बाळांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता जास्त वाढलेली दिसली. जिथे मुळातच फुप्फुस खुरटे, तिथे ही गोष्ट किरकोळ नव्हे.

दुसरा आक्षेप हर्निया पुन्हा होण्याचा. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत दुर्बिणीनंतर हे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळते. इवल्याशा छातीत पॅच शिवणे अवघडच. उलट, दुर्बिणीच्या गटात मृत्यू कमी आणि रुग्णालयातील मुक्काम थोडा दिसतो, पण त्याचे श्रेय तंत्राला देणे घाईचे ठरेल. त्या गटात मुळात कमी आजारी, लहान छिद्राची बाळे निवडलेली असतात. कृत्रिम फुप्फुस यंत्रावरील बाळ सहसा उघड्या शस्त्रक्रियेकडेच जाते. त्यामुळे तुलना सारख्याला सारखी राहत नाही, आणि मोठ्या यादृच्छिक चाचण्यांखेरीज हा पेच सुटणारा नाही.

व्यवहारात दुर्बीण निवडतात ती स्थिर, पुऱ्या दिवसांच्या, लहान छिद्राच्या बाळासाठी. रक्तातील वायूंचे प्रमाण बिघडले, तर मध्येच चीर घेण्याची तयारी ठेवून. पुन्हा झालेला हर्निया लक्षणांविनाही असू शकतो, म्हणून दोन्ही पद्धतींनंतर काही वर्षे छातीचा एक्स-रे काढत राहतात.