दुकान कोणाचे आणि जागा कोणाची

२०२२ च्या फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवार-रविवारी देशभरातल्या बिग बझारच्या कितीतरी दालनांची शटरे वर गेलीच नाहीत. संप नव्हता, टाळेबंदीही उठली होती. दुकान किशोर बियाणी यांच्या फ्यूचर रिटेलचे होते, पण ज्या जागेत ते थाटले होते तिचा भाडेकरार तोवर रिलायन्सच्या नावावर झाला होता. फ्यूचरकडून भाडी थकली, तेव्हा जागामालकांनी रिलायन्सशी करार केले. रिलायन्सने त्याच जागा फ्यूचरला पोटभाड्याने दिल्या आणि तेही पैसे येईनात तेव्हा ताबा घेतला. फ्यूचर समूहाच्या एकूण ९४७ दुकानांचे पोटभाडेकरार रद्द केल्याच्या नोटिसा निघाल्या. मग त्यांतल्या अनेक ठिकाणी रिलायन्सच्या स्मार्ट बझारच्या पाट्या झळकल्या. गोव्यातल्या गिऱ्हाइकाने पहिला बझारही पाहिला आणि दुसराही.

मोठ्या दुकान-साखळ्यांच्या चढ-उताराची गोष्ट आपल्याकडे बहुधा गिऱ्हाइकाच्या अंगाने सांगतात. लोकांची आवड बदलली, मोबाईलवर खरेदी सुरू झाली, मॉलची नवलाई ओसरली, वगैरे. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. कोसळलेल्या साखळ्यांचे हिशेब पाहिले की गिऱ्हाईक पुरते तुटण्याआधीच दोन गोष्टी हातच्या गेलेल्या दिसतात. एक जागा, दुसरी माल घालणाऱ्याचा विश्वास. गोव्यात या साखळ्या उशिरा आणि बेताने आल्या, आणि इथली घरची सुपरस्टोअर्स त्यांच्यापुढे तग धरून राहिली, त्याचे कारणही मला तिथेच सापडते.

सुरुवात १९६२ पासून करू. गोवा मुक्त होऊन काही महिनेच झाले होते. तिकडे अमेरिकेत मार्चमध्ये केमार्टचे पहिले दुकान उघडले, मे महिन्यात टार्गेटचे, आणि जुलैत सॅम वॉल्टनने आर्कान्सामधल्या रॉजर्स या लहानशा गावी वॉलमार्ट सुरू केले. तिघांचे गणित एकच: ऐसपैस जागा, गाड्या लावायला मोकळे मैदान, वस्तूमागे नफा कमी आणि खप दांडगा. केमार्टची दुकाने दोन हजारांच्या वर गेली आणि जानेवारी २००२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. वॉलमार्ट पुढे गेले त्यात मोठा वाटा गोदामांचा. आधी गोदाम, मग त्याच्यापासून ट्रकच्या एका दिवसाच्या पल्ल्यात दुकाने, ही शिस्त वॉल्टनने सोडली नाही.

आपल्याकडचे चित्र तेव्हा अगदीच वेगळे होते. १९५०च्या दशकात भारताने नाकेबंदी केल्यावर सालाझारच्या सरकारने गोव्यात आयातीला मोकळे रान दिले. नेदरलँड्सचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट, पोर्तुगालची वाईन हे सगळे मुरगावच्या बंदरात उतरायचे. मुक्तीनंतर ही आवक आटली आणि दुकानदाराची नजर बंदरावरून घाटाकडे वळली. आजही आपली भाजी बेळगावहून उतरते. घाटात दरड कोसळली की दुसऱ्या दिवशी पणजीच्या बाजारात टोमॅटोचा भाव विचारायची सोय राहत नाही.

रोजची गरज भागवायला वाड्यावरचा पोसरो होताच. एका खोलीचे दुकान, पुढे लाकडी फळ्यांचे दार, आत पोती, सुटे खोबरेल आणि गल्ल्याशेजारी उधारीची वही. मोठ्या खरेदीला म्हापशाचा शुक्रवार, पणजीत अष्टमीची फेरी, मे महिन्यात पुरुमेताची फेस्ते. मिरची, सोलां, कांद्याच्या माळा आणि सुकी मासळी पावसाआधी घरात भरून टाकायची, म्हणजे आषाढ-श्रावणाची काळजी मिटली. वर्षाचा माल ठरल्या दिवशी ठरल्या बाजारात घ्यायची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला 'महाबचत'च्या जाहिरातीचे फारसे अप्रूप वाटत नसावे.

साखळी दुकानाचा देशी अवतार प्रथम सहकारातून आला, हे आपण विसरतो. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली अपना बाजार सुरू झाला, १९६८ मध्ये सहकारी भांडार. गोव्यात फोंड्याच्या गोवा बागायतदार सहकारी खरेदी विक्री संस्थेने हेच काम आपल्या पद्धतीने केले. सुपारी आणि काजूबी घेऊन आलेला बागायतदार तिथे माल घालतो, पावती घेतो आणि शेजारच्याच बागायतदार बाजारात किराणा भरून घरी जातो. विकणारा आणि घेणारा एकच माणूस असल्यावर गिऱ्हाईक टिकवण्यासाठी वेगळी कार्डे नि पॉइंट वाटावे लागत नाहीत. सहकारी दुकानांचा दिमाख कधीच नव्हता. मुंबईतल्या बऱ्याच सहकारी दालनांना पुढे जी घरघर लागली तिचा दोष आधुनिक स्पर्धेपेक्षा आतल्या कारभाराकडे जास्त जातो, पण तो वेगळा विषय.

पुढे किनाऱ्यावर परदेशी पर्यटकांची चार्टर विमाने उतरू लागली आणि कांदोळी-कळंगुटच्या पट्ट्यात सुपरमार्केटांना बरकत आली. न्यूटन्स, डेल्फिनोज, पणजीचे मॅगसन्स, बोरकरांची सुपरस्टोअर्स ही नावे गोव्याबाहेर कोणाला फारशी ठाऊक नसतील. अशा दुकानातली एक फळी निरखून पाहावी. वरच्या कप्प्यात ऑलिव्ह तेल आणि डबाबंद ट्यूना, मधे गोव्याचे व्हिनेगर, रेशादाचा मसाला, खाली उकड्या तांदळाच्या पिशव्या. पलीकडे दारूचा विभाग, फ्रीजमध्ये चौरिस म्हणजे गोव्याचे सॉसेज, आणि चवथ आली की दाराशीच कापूर, वाती, नारळाचा ढीग. मुंबईच्या मुख्य कचेरीत बसून 'पश्चिम विभागा'चा माल ठरवणाऱ्याला हे जमणे कठीण. चतुर्थीच्या आठवड्यात कोणता माल किती लागतो हे मालकाला तोंडपाठ असते, कारण त्याच्याही घरी गणपती असतो.

आता पुन्हा बाहेर जाऊ, कारण जागेचा मुद्दा सीअर्सशिवाय नीट कळत नाही. ही अमेरिकन कंपनी १८९३ पासूनची. घरबसल्या जाडजूड कॅटलॉग पाहून टपालाने वस्तू मागवायची सवय तिने खेड्यापाड्यातल्या अमेरिकनांना लावली. १९९३ मध्ये तिने तो मोठा कॅटलॉग बंद केला आणि पुढच्याच वर्षी ॲमेझॉनची स्थापना झाली. हा योगायोग इतका चपखल आहे की सगळे तिथेच थांबतात. खरा घाव पुढे बसला. दिवाळखोरीतून बाहेर आलेले केमार्ट आणि सीअर्स एडी लॅम्पर्ट या गुंतवणूकदाराने २००५ मध्ये एकत्र केले. २०१५ मध्ये सुमारे २३५ दुकानांच्या जागा एका वेगळ्या कंपनीला २.७ अब्ज डॉलरना विकल्या आणि त्याच जागांत सीअर्स भाडेकरू होऊन राहिले. हाती रोकड आली, पण दर महिन्याचे भाडे मागे लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सीअर्सनेही दिवाळखोरी जाहीर केली. ब्रिटनमधल्या वूलवर्थ्सचीही हीच कहाणी. तेव्हाच्या मालक कंपनीने २००१ मध्ये १८२ दुकानांच्या जागा विकून तिथेच भाड्याने राहायचे ठरवले. जानेवारी २००९ पर्यंत त्यांची आठशेहून अधिक दुकाने बंद झाली होती.

भारतात हा धडा आधी सुभिक्षाने दाखवला. १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेली ही साखळी २००८ पर्यंत सुमारे सोळाशे दुकानांवर गेली होती. वाढ उसन्या पैशावर होती. जागतिक मंदीत कर्जाचा नळ बंद झाला आणि पगार, भाडी, पुरवठादारांची बिले एकाच वेळी थकली. २००९ च्या सुरुवातीला सगळे ठप्प. दुकानात गर्दी नव्हती म्हणून नाही, विकायला मालच उरला नव्हता म्हणून.

बियाणींचा प्रवास याहून मोठा. १९९७ मध्ये कोलकात्यात पँटलून्स, २००१ मध्ये बिग बझार. दुकान थोडे गजबजलेले, थोडे अस्ताव्यस्त दिसले पाहिजे, म्हणजे बाजाराची सवय असलेला माणूस आत यायला बिचकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. २००६ च्या प्रजासत्ताक दिनाला 'सबसे सस्ता दिन' काढला आणि गर्दी आवरता आवरेना. पण कर्ज वाढतच गेले. २०१२ मध्ये पँटलून्स आदित्य बिर्ला समूहाकडे गेले. २०१९ मध्ये ॲमेझॉनने फ्यूचरच्या एका कंपनीत पैसे घातले, ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सने २४,७१३ कोटींना दुकानांचा, घाऊक विक्रीचा आणि गोदामांचा व्यवसाय घेण्याचे जाहीर केले, ॲमेझॉन सिंगापूरच्या लवादाकडे गेले आणि सौदा अडकला. एप्रिल २०२२ मध्ये धनको बँकांनीही तो मतदानात फेटाळला. जुलैत फ्यूचर रिटेलवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि २०२४ मध्ये अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याचा, आदेश निघाला.

मरणपंथाला लागलेले दुकान ओळखायला ताळेबंद वाचावा लागत नाही. फळ्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मुले प्रत्येक वस्तू कडेपर्यंत पुढे ओढून ठेवतात, मागे पोकळी असते. दहा प्रकारचे बिस्किट असायचे तिथे एकाच कंपनीचा एकच पुडा अख्ख्या फळीवर मांडलेला दिसतो. याचा अर्थ बाकीच्या वितरकांनी उधारीवर माल द्यायचे थांबवले आहे. म्हापशाचा वितरक हे कंपनीच्या भागधारकाच्या किती आधी जाणतो!

डी-मार्टने उलटी वाट धरली. राधाकिशन दमाणींनी पहिले दुकान २००२ मध्ये पवईत काढले. धोरण असे की जागा शक्यतो विकत घ्यायची, वस्तूंचे प्रकार मोजके ठेवायचे आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून जास्त सूट घ्यायची. वाढ मुंगीच्या पावलांनी झाली. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी दुपटीवर गेला. पण स्वतःची मोठी जागा ही अट असली की गोवा अवघड होतो. डी-मार्टच्या राज्यांच्या यादीत गोवा बरीच वर्षे नव्हता, यात नवल नाही.

अवघड का, तर २०११ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाख आणि पणजी महापालिकेची चाळीस हजार. माणसे एका शहरात एकवटलेली नाहीत. म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा आणि मधली गावे अशी विखुरलेली आहेत. त्यात जमिनीचा प्रश्न इथे नाजूक. २०११ सालापर्यंतच्या जमीनवापरासाठी केलेल्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि सरकारला तो २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतर भूरूपांतराचा विषय निघाला की ग्रामसभा तापलीच म्हणून समजा. बहु-ब्रँड किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला केंद्राने सप्टेंबर २०१२ मध्ये परवानगी दिली, पण निर्णय राज्यांवर सोडला. संमती देणाऱ्यांच्या पहिल्या यादीत महाराष्ट्र होता, गोवा नव्हता.

त्याच महिन्यात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागात ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले सगळ्यांचीच मिळकत थांबली आणि पोसरकाराची वही फुगत गेली. कोणत्याही साखळी दुकानाच्या संगणकात 'खाण सुरू झाली की देतो' असा रकाना नसतो. यात पोसरकार बुडाला नाही असे नाही, कित्येकांनी दुकान आवरले. मार्च २०२० मध्येही टाळेबंदीच्या पहिल्या काही दिवसांत किराणाही बंद होता, तेव्हा मागच्या दाराने तांदूळ-डाळ देणारा तोच होता. त्याला खरा चाप बाहेरच्या मॉलपेक्षा सरकारनेच लावला असे मला वाटते. फलोत्पादन महामंडळाच्या केंद्रांवर अनुदानित भाजी मिळू लागली आणि भाजीसाठी येऊन चार वस्तू जास्त नेणारे गिऱ्हाईक नाक्यावर अडले.

आता पणजी-पर्वरीसारख्या भागात दहा-पंधरा मिनिटांत सामान दारात आणणारे ॲप आले आहेत. त्यांची दुकाने गिऱ्हाइकाला दिसत नाहीत, पण जागा त्यांनाही लागतेच, आणि तीही भाड्याची. म्हापसा, मडगाव, फोंड्यात आणखी एक बदल चालू आहे. कापडाचे किंवा भांड्यांचे दुकान पिढीजात चालवणारी कुटुंबे मुलगे नोकरीला गेले की तळमजला साखळी दुकानाला देऊन मोकळी होतात. उधारी नाही, माल भरायची कटकट नाही, दर महिन्याला भाडे खात्यावर. अशा करारात एक कलम सहसा असते: ठरावीक मुदत संपली की कंपनी नोटीस देऊन केव्हाही जागा सोडू शकते, मालकाला मात्र करार संपेपर्यंत तिला उठवता येत नाही. भाडे थकले तरच त्याचा हात मोकळा होतो. बिग बझारच्या जागामालकांचा तो तसाच मोकळा झाला होता, आणि शेजारी रिलायन्स नवा कागद घेऊन उभी होती.