चिलटांनी उलगडलेली आनुवंशिकता

खानापूरकडचे फणस बेळगावच्या बाजारात आले की पाठोपाठ चिलटंही येतात. फुटलेल्या फणसावर, काळ्या पडलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या या लाल डोळ्यांच्या बारीक माश्या बहुधा ड्रोसोफिला. आंब्याला डंख मारून आत अंडी घालणारी फळमाशी निराळ्या कुळातली. शेतकऱ्याचं वैर तिच्याशी, चिलटाशी नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये विल्यम कॅसल यांनी ही माशी प्रयोगासाठी पाळली. नाव झालं ते मात्र कोलंबिया विद्यापीठातल्या टॉमस हंट मॉर्गन यांच्यामुळे. माशी निवडण्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. उंदीर-ससे पाळायचे तर जागा हवी, दाणापाणी हवं. हिला दुधाची रिकामी बाटली आणि पिकलेलं केळं पुरतं. 25 अंश सेल्सिअसला अंड्याची माशी व्हायला साधारण 10 दिवस लागतात, म्हणजे महिन्याभरात नातवंडं-पतवंडं मोजता येतात.

गंमत अशी, की जनुकं, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या गुणांचे घटक, पेशीतल्या धाग्यांसारख्या गुणसूत्रांवर असतात हे खुद्द मॉर्गन यांनाच पटत नव्हतं. 1910 मध्ये त्यांच्याकडे पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. लाल डोळ्यांच्या माद्यांशी त्याचा संकर केला, तर पिल्लं जवळपास सगळी लाल डोळ्यांची. पुढच्या पिढीत पांढरे डोळे परतले, पण फक्त नरांमध्ये! म्हणजे डोळ्यांच्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असणार. मादीकडे ती दोन, नराकडे एकच. त्यावरचा दोष झाकायला दुसरी प्रत नसते. आईला रंग नीट दिसतात आणि मुलगा रंगांधळा निघतो, त्यामागचा हिशेब हाच. मॉर्गन यांना आपलं मत बदलावं लागलं, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत मोठा क्षण तोच.

त्यांचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून एका रात्रीत गुणसूत्रावर कोणतं जनुक कुठे बसतं याचा पहिला नकाशा मांडला. तो 1913 मध्ये छापून आला. 1927 मध्ये हर्मन मुलर यांनी क्ष-किरणांनी जनुकं बदलतात हे दाखवलं. मॉर्गन यांना 1933 मध्ये नोबेल मिळालं, मुलर यांना 1946 मध्ये. शरीराच्या जैविक घड्याळासाठीचं 2017 चं नोबेलही याच माशीच्या जोरावर. तिच्या जनुकसंचाचं वाचन 2000 मध्येच जाहीर झालं होतं. माणसाच्या रोगांशी निगडित जनुकांपैकी बऱ्याच जनुकांचे भाऊबंद तिच्यात सापडतात.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी माशीच्या मज्जासंस्थेवर आणि वास-चवीवर काम उभं केलं. पुढे बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र त्यांनीच घडवलं. म्हैसूर विद्यापीठात तर ड्रोसोफिलाचे वाण जपून ठेवणारं केंद्रच आहे. तिकडच्या पद्धतीचं माशीचं खाद्य आपल्या गुऱ्हाळांच्या मुलखाला ओळखीचं वाटेल: रवा, गूळ, घट्ट व्हायला अगार, बुरशी धरू नये म्हणून थोडं प्रोपिऑनिक आम्ल. अमेरिकेतल्या प्रयोगशाळा मक्याचं पीठ आणि काकवी वापरतात. माशीला दोन्ही चालतं.