ऐच्छिक पेपर आणि नेटची भीती
सोलापुरात एम.ए. राज्यशास्त्राच्या मुलांना दरवर्षी कुणीतरी सांगतंच, ‘लोकप्रशासन ऐच्छिक घेतलंस तर राज्यशास्त्रातून नेट (सहायक प्राध्यापक होण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देता येणार नाही.’ हे साफ खोटं आहे. नेटसाठी पदव्युत्तर पदवीचा विषय आणि गुण बघतात: खुल्या गटाला ५५ टक्के, राखीव गटांना ५०. ऐच्छिक पेपर कुठला, हे कुणी विचारत नाही. उलट नेटच्या दुसऱ्या पेपरच्या दहा घटकांत लोकप्रशासन आहेच, शिवाय शासनव्यवहार व सार्वजनिक धोरण हाही एक घटक आहे. या भीतीपोटी आवडता विषय सोडणारी मुलं पाहिली की जीव तुटतो. स्थानिक स्वराज्य आवडत असेल तर बिनधास्त घ्या. १९६४ पासूनची महानगरपालिका अभ्यासायला गावातच आहे. फक्त आधी अभ्यासक्रम पत्रिका वाचा आणि तो पेपर यंदा शिकवणार आहेत का, ते विभागात विचारा.