प्रौढ शिक्षण आणि आजीवन शिक्षण: माय कोणत्या वर्गात, आजोबा कोणत्या?

आमच्या घरात दोन माणसं चाळिशीच्या आसपास शिकायला बसली. एक माझे आजोबा, दुसरी माय. पाहुणेरावळे दोघांबद्दल एकच वाक्य बोलायचे, "ह्या घरात म्हातारपणी शिकायची खोडच हाय." पण दोघांचं शिकणं एका जातीचं नव्हतं. सरकारी भाषेत मायच्या शिकण्याला प्रौढ शिक्षण म्हणतात, आजोबांच्या शिकण्याला आजीवन शिक्षण. हे दोन शब्द आता इतके एकमेकांत मिसळलेत की शिक्षक, पत्रकार, कधी कधी खात्यातली माणसंही एकाच्या जागी दुसरा वापरून मोकळी होतात.

आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. घरात मराठी, पण प्राथमिकच्या पुढची शाळा उर्दू, कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं म्हणे (मला कसं कळणार!). १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि कचेरीतला कागद हळूहळू मराठी होत गेला. तहसिलीत कारकुनी करणारा, गावाचे अर्ज लिहून देणारा हा माणूस अडतिसाव्या वर्षी बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरं, गिरवायला बसला. त्याला कुणी निरक्षर म्हटलं नाही. कसं म्हणणार? कालपर्यंत त्याच्याकडूनच सगळे कागद वाचून घ्यायचे.

माय शाळेत गेलीच नव्हती. नव्वदीत साक्षरता अभियान जिल्ह्याजिल्ह्यांत आलं, तेव्हा मारुतीच्या पारावर रात्री कंदील लावून वर्ग भरायचा. तिथं ती 'कमळ', 'बदक'पासून सुरू झाली.

हा फरक नीट पाहा. प्रौढ शिक्षण हे राहिलेलं देणं आहे. पोर सहा-सात वर्षांचं असताना समाजाने त्याला शाळा द्यायला हवी होती, दिली नाही. ते आता मोठेपणी चुकतं करायचं. म्हणून त्याची मोजदाद होते, उद्दिष्ट ठरतं, परीक्षा होते आणि ते कुठेतरी संपतं. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तो १५ ते ३५ वयाच्या लोकांसाठी. मग १९८८ चं राष्ट्रीय साक्षरता मिशन, २००९ चं साक्षर भारत, आणि आता २०२२ ते २०२७ चा नव भारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला 'उल्लास' म्हणतात. त्याची चाचणी १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. तेहतीस टक्के पडले की माणूस साक्षर, हातात प्रमाणपत्र.

आजीवन शिक्षणाला अशी रेघ नसते. युनेस्कोने एडगर फॉर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९७२ साली ही कल्पना जगापुढे ठळकपणे मांडली, ती मुळात शिकलेल्यांसकट सगळ्यांसाठी. कामधंदा बदलतो, यंत्र बदलतं, कायदा बदलतो, भाषासुद्धा बदलते (आजोबांना विचारा), तर शाळेत एकदा मिळालेल्या शिदोरीवर जन्म कसा निघेल, असा तो विचार. इथे कुणी कुणाचं देणं लागत नाही. गरज ज्याची, वेळ त्याचा, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा पैसाही त्याचाच.

गल्लत होण्याचं एक कारण कागदावरच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एकविसावं प्रकरण या दोन्हींचं मिळून आहे. 'उल्लास'च्या वेळी तर केंद्राने 'प्रौढ शिक्षण' हा शब्दच बाजूला ठेवून 'सर्वांसाठी शिक्षण' असं नाव घेतलं. कारण दिलं ते असं की पंधरा वर्षांपुढचे सगळे असाक्षर 'प्रौढ' या शब्दात नीट बसत नाहीत. त्या कार्यक्रमात पायाभूत साक्षरता आहे, जीवनकौशल्यं आहेत, धंद्याचं कौशल्य आहे, शाळेच्या इयत्तांचं शिक्षण आहे आणि निरंतर शिक्षणही आहे. विद्यापीठांचंही तसंच. पूर्वी 'प्रौढ व निरंतर शिक्षण' अशा पाट्या असायच्या. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात मंडळ आहे ते आजीवन अध्ययन व विस्ताराचं.

नाव बदलल्याने एवढं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. माझ्या मते बिघडतं. एका छपराखाली दोघांना बसवलं की जो आधीच शिकलेला आहे तो पुढे सरकतो. संगणकाचा वर्ग, इंग्रजी बोलण्याचा वर्ग, मोबाईल दुरुस्ती यांना मुलं पटकन मिळतात, आकडे पटकन भरतात. साठ वर्षांच्या असाक्षर बाईसाठी कुणीतरी रोज तासभर तिच्या ओट्यावर जाऊन बसावं लागतं, तेही स्वयंसेवक म्हणून, बिनपगारी. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याचे आठही जिल्हे साक्षरतेत राज्याच्या ८२.३ टक्क्यांच्या खालीच होते. आपल्याकडचं देणं अजून फिटलेलं नाही, आणि खातं बंद झाल्यासारखी भाषा मात्र सुरू झाली आहे.

पण दुसरी बाजूही मायनेच दाखवली. पारावरचा वर्ग काही महिन्यांत बंद झाला. शिकवणारा पोरगा नोकरीला लागला, पाटी आमच्या माळवदावर गेली. दोन वर्षांनी मायला सही तेवढी यायची, बाकी सगळं पुसून गेलेलं. साक्षरता वापरली नाही तर झिजते, हे या क्षेत्रातल्या लोकांना चांगलं ठाऊक आहे. निरंतर शिक्षण केंद्रांची कल्पना त्यातूनच निघाली. गावात पेपर नाही, वाचनालय नाही, वाचायचं कारणच नाही, तर 'कमळ' कशाला टिकेल? मायचं वाचन परत आलं ते हरिपाठामुळे. अभंग तिला तोंडपाठ होते. ओळीवर बोट ठेवून म्हणायची. येणाऱ्या शब्दाखाली अक्षर कोणतं ते आपोआप जुळत गेलं. वर्गात झालेलं संपलं होतं, नंतर रुजलं ते असं. म्हणजे प्रौढ शिक्षणाच्या पाठीला आजीवन शिक्षण नसेल तर पहिलंही वाया जातं.

मात्र ही एकाच शिडीची खालची-वरची पायरी आहे, आधी साक्षर व्हा मग आयुष्यभर शिका, असं समजू नये. आमच्याकडच्या कापसाचंच बघा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कापूस पोखरला, तेव्हा शेतकऱ्याला नव्याने बरंच शिकावं लागलं. कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) लावायचा, त्यात रोज पतंग मोजायचे, सलग तीन दिवस सापळ्याला आठ-आठ पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली असं समजायचं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे राखणं, ठेवायची नाही. आमच्या शेजारच्या शिवारातले एक काका अंगठा लावतात. पण पतंगांचा हिशेब भिंतीवर कोळशाने रेघा मारून ठेवतात आणि आकडा भरल्याशिवाय फवारा मारत नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मे ला आणि रब्बीचा १७ सप्टेंबरला. दोन्हींना ते जातात, नवीन वाण हातात घेऊन बघतात, प्रश्न विचारतात. याला आजीवन शिक्षण म्हणायचं नाही तर कशाला? उलट पदवी घेऊन पंचवीस वर्षं एकही नवी गोष्ट न शिकलेले आम्ही कितीतरी आहोत. नाव घेत नाही, आरशात दिसतात.

काही संस्था मधोमध उभ्या असतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. १९८९ साली नाशिकला सुरू झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ दोन्हींकडे हात टाकतं. ज्याची शाळा सुटली त्याला 'पूर्वतयारी' करून पदवीच्या दारात आणलं आणि ज्याला नोकरी सांभाळून दुसरं काही शिकायचंय त्यालाही घेतं. वाचनालयांचंही असंच. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ चं. निजामी राज्यात सभेला परवानगी लागायची, तेव्हा वाचनालय हीच मोठ्या माणसांची शाळा होती. वर्ग नाही, हजेरी नाही, परीक्षा तर नाहीच. आता मोबाईलने वेगळाच पेच टाकलाय. माय बहिणीला बोलून निरोप पाठवते, ती बोलूनच उत्तर देते. अक्षराची गरज दोघींनाही पडत नाही. पण बँकेतून आलेला मजकूर वाचायला अजून मीच लागतो, आणि कुणी फसवून आकडा विचारला तर बोलता येणं उपयोगी पडत नाही.

आजोबांकडे परत येतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली आणि मराठवाड्यात एकदम निजामकाळचे कागद बाहेर निघाले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधत लोक फिरू लागले. आमच्या घरातली ट्रंकही उघडली. आत आजोबांची वही. भाऊ इंजिनिअर, वहिनी शिक्षिका, मी एम.ए., तिघं वहीवर वाकलो. ती कोणत्या बाजूने उघडायची इथूनच सुरुवात होती. माय दारात उभी राहून बघत होती.

"काय लिव्हलंय?"

"येत नाही वाचायला, माय."

"मग तुमचाबी अंगठाच की," म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

सध्या दर शनिवारी मी उर्दू शिकायला जातो. अलिफ, बे, पे झालं. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला वेगळं, मध्ये वेगळं आणि शेवटी वेगळं दिसतं, तिथं अडकलोय. वहीच्या पहिल्या पानावर आजोबांचं नाव आहे, तेवढं लागलं.