पहाटे पुणं हरवतं, कोलकाता सापडतं

जानेवारीतली पहाट, पाच वाजत आलेले. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी मी कानटोपी आणि त्यावर हेडफोन चढवून बसलो होतो. समोर मीच जोडलेला हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांनी एकमेकांशी बोलायचा सेट, शेजारी बारा व्होल्टची बॅटरी. पुण्यातल्या मित्राशी वेळ ठरली होती, पण ७.१ मेगाहर्ट्झवर दहा वेळा हाक मारूनही उत्तर येईना. शेवटी मोबाईल लावला. तो म्हणाला, "अरे, तू अजिबात येत नाहीयेस. पण कोलकात्याचा एक जण काय सुंदर येतोय!" आणि मलाही तोच ऐकू येत होता. पुणं इथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत, कोलकाता सोळाशेच्या वर.

ही गोष्ट सांगितली की बहुतेक जण म्हणतात, "पुण्याच्या आड सह्याद्री येतो ना!" सह्याद्री येतोच. पण मग त्याच दिवशी सकाळी दहा वाजता पुणं खणखणीत ऐकू आलं आणि कोलकाता नाहीसं झालं, त्याचं काय? डोंगर तर जागचा हलला नव्हता.

हललं होतं ते तीनशे किलोमीटर उंचीवरचं काहीतरी.

आधी माझ्या यंत्राबद्दल, कारण "एवढ्या लांब बोलायचं म्हणजे केवढा मोठा टॉवर लागत असेल" हा समज फार पक्का आहे. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाच्या सेटची रचना सगळ्यांसाठी खुली केली. कमी खर्चात, साध्या सुट्या भागांतून आपला आपण जोडता येईल असा हा सेट आज जगभरचे हॅम, म्हणजे असे हौशी लोक, बनवतात. माझा त्याच घराण्यातला. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून आणले, रिंगांवर एनॅमलची तांब्याची तार हातानं गुंडाळली. शेवटच्या टप्प्यात आयआरएफ-५१० हा मॉस्फेट, म्हणजे एक प्रकारचा ट्रान्झिस्टर, आहे. तो मुळात स्विचिंगसाठी बनलेला, पण इथे नेटानं रेडिओलहरी बाहेर ढकलतो. उष्णता बाहेर टाकणारं हीटसिंक पुरेसं नव्हतं तेव्हा माझे दोन जळाले. तिसरा अजून टिकून आहे. बाहेर पडणारी शक्ती जेमतेम सात वॅट, म्हणजे घरातल्या नऊ वॅटच्या एलईडी बल्बपेक्षाही कमी. अँटेना म्हणजे वायरिंगची साधी तार, मध्यावर तोडून दोन्हीकडे दहा-दहा मीटर. ७.१ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४२ मीटर होते आणि तिच्या निम्म्या लांबीची तार त्या लहरीशी सुरात लागते. टाकीवरच्या पाइपाच्या टोकाला मध्य बांधला, दोन्ही टोकं उतरती सोडली, की झाली अँटेना. हे सगळं बोलण्यासाठी वापरायचं तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. मग 'व्हीयू'पासून सुरू होणारं आपलं स्वतःचं कॉल साइन, म्हणजे हवेवरची ओळख, मिळतं.

आता तीनशे किलोमीटर वर जाऊ.

तिथली हवा इतकी विरळ आहे की एरवी तिला कुणी हवा म्हणणारही नाही. सूर्याची अतिनील किरणं तिच्यातल्या अणूंना धडकतात आणि त्यांचे इलेक्ट्रॉन सुटे करतात. या थराला आयनांबर म्हणतात. त्यातही मजले आहेत: साधारण ६० ते ९० किलोमीटरवर डी, त्याच्या वर ई, आणि दीडशेच्या पुढे एफ. आपली गोष्ट मुख्यतः एफ आणि डी यांची आहे.

रेडिओलहर एफ थरात शिरली की तिथला प्रत्येक सुटा इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलू लागतो. हलणारा इलेक्ट्रॉन म्हणजे चिमुकली अँटेनाच, तोही स्वतःची लहर सोडतो. मूळ लहर आणि या असंख्य इलेक्ट्रॉनांच्या लहरी मिसळल्या की बनणाऱ्या लहरीचे उंचवटे नेहमीपेक्षा जास्त वेगानं पुढे सरकतात. प्रकाशापेक्षाही जास्त वेगानं! (आइन्स्टाइनला धक्का लागत नाही, कारण हा वेग उंचवट्यांचा आहे, ऊर्जा आणि संदेश प्रकाशापेक्षा सावकाशच जातात.) जितके इलेक्ट्रॉन दाट, तितके उंचवटे वेगवान. आता तिरकी वर जाणारी लहर डोळ्यांसमोर आणा. तिचा वरचा भाग दाट इलेक्ट्रॉनांत, खालचा विरळ. वरचा भाग पुढे पळतो, खालचा मागे राहतो. मिरवणुकीत लेझीम पथकाची रांग चौकात वळताना पाहिली असेल. बाहेरच्या टोकाची मुलं भरभर पावलं टाकतात, आतली जागच्या जागी, आणि अख्खी रांग आतल्या बाजूला वळते. लहरही तशीच खाली, जमिनीकडे वळते. आरशावर आपटून परतणं आणि हे, दोन्ही वेगळं. हे हळूहळू वळणं आहे.

किती इलेक्ट्रॉन असले म्हणजे लहर पुरती वळेल? याचं एक सूत्र मला इतकं आवडतं की ते इथे देणारच. एका घन सेंटिमीटरमध्ये किती इलेक्ट्रॉन आहेत ते मोजा, त्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्याला नऊनं गुणा. उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं. सरळ डोक्यावर सोडलेली लहर या वारंवारितेपर्यंतच परत येते, त्यापुढची आयनांबर भेदून अवकाशात निघून जाते. दहा लाख इलेक्ट्रॉन असतील तर वर्गमूळ एक हजार, म्हणून मर्यादा ९ मेगाहर्ट्झ. पहाटेपर्यंत ते तीन लाखांवर उतरले की मर्यादा जेमतेम ५ मेगाहर्ट्झ. माझ्या ७.१ मेगाहर्ट्झला सव्वासहा लाख तरी लागतात.

पुण्याशी बोलायचं तर माझी लहर जवळजवळ सरळ वर जाऊन सरळ खाली यायला हवी, कारण एवढ्या कमी अंतरासाठी तीनशे किलोमीटर वर जायचं म्हणजे कोन उभाच. पहाटे आयनांबराच्या या छपराची ताकद ५ मेगाहर्ट्झची, लहर ७.१ची. ती भोक पडल्यासारखी आरपार जाते, आणि पुण्यातला मित्र म्हणतो, "तू येत नाहीयेस."

कोलकात्याकडे जाणारी लहर मात्र क्षितिजापासून सोळा-सतरा अंशांवर, चांगलीच तिरकी निघते. तिला पुरतं उलटं फिरायची गरजच नाही, थोडं वळलं तरी पुरतं. मे महिन्यात तापलेल्या रस्त्यावर मृगजळ दिसतं ते नेहमी लांबवर, पायाशी कधीच नाही. तापलेली हवा प्रकाशाला अगदी थोडंच वळवू शकते, म्हणून फक्त रस्त्याला घासून येणारे किरणच आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतात. आयनांबराचंही तेच. सरळ वरची मर्यादा घ्या आणि लहर थराशी उभ्या रेषेपासून ज्या कोनात भिडते त्या कोनाच्या कोसाइननं तिला भागा. पृथ्वीची गोलाई धरून कोलकात्यासाठी हा कोन सुमारे ६७ अंश येतो आणि मर्यादा अडीच पट वाढते. ५ची झाली साडेबारा. ७.१ त्यात आरामात बसते. पुण्यासाठी हाच गुणक जेमतेम एकच्या वर जातो. म्हणून त्या पहाटे ठाण्याभोवती शेकडो किलोमीटरचं एक बहिरं वर्तुळ होतं, पुणं त्याच्या आत आणि कोलकाता बाहेर.

मग दिवसा उलटं का? सूर्य वर आला की एफ थरात इलेक्ट्रॉन भराभर वाढतात, छप्पर दाट होतं आणि पुणं परत येतं. ठाण्यात सूर्योदय व्हायच्या तास-सव्वातास आधीच तीनशे किलोमीटर उंचीवर ऊन पडलेलं असतं. त्यामुळे येऊरचे डोंगर अजून काळोखात असताना मला पुण्याची पहिली कुजबुज ऐकू येते. पहाट वर आधी होते हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि कानांनी ऐकणं वेगळं.

पण सूर्य खालचा डी थरही जागा करतो. तिथे हवा बरीच दाट आहे. लहरीनं हलवलेला इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा परत देण्याआधीच शेजारच्या रेणूवर आदळतो, दर सेकंदाला लाखो वेळा, आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. उभी जाणारी लहर हा थर लवकर पार करते. तिरकी जाणारी त्यातून लांबचा रस्ता कापते आणि वाटेतच दमते. म्हणून कोलकाता बुडतं. सूर्यास्तानंतर मात्र डी थर थोड्याच वेळात विरतो, कारण दाट हवेत इलेक्ट्रॉन पटकन पकडले जातात. एफ थरात पकडणारेच कमी, त्यामुळे तो रात्रभर झिजत झिजत टिकतो. आमच्या वडीलधाऱ्यांनी २५ आणि ४१ मीटरवर रेडिओ सिलोन ऐकलं, ते याच छपराच्या भरवशावर.

हे छप्पर आहे हे माणसाला उशिरा कळलं. १९०१ मध्ये मार्कोनीनं अटलांटिकपार संदेश पोचवल्याचं जाहीर केलं, तेव्हा लहर पृथ्वीच्या गोलाईला कशी वळली हे कोडंच होतं. १९०२ मध्ये केनेली आणि हेविसाइड या दोघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे वर विद्युतवाहक थर असावा असं सुचवलं. १९२४ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅपलटननं तो प्रयोगानं दाखवला आणि १९४७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मधल्या काळात, नोव्हेंबर १९२३ मध्ये, अमेरिकेतल्या आणि फ्रान्समधल्या हौशी लोकांनी सुमारे ११० मीटर लांबीच्या लहरींवर अटलांटिकपार दुतर्फा बोलून दाखवलं होतं. २०० मीटरच्या खालच्या लहरी निरुपयोगी समजून हौशींकडे सोपवल्या होत्या, हे मी प्रत्येकाला अभिमानानं सांगतो.

आता सोसायटीच्या ग्रुपवर दर वर्षी फिरणाऱ्या त्या संदेशाबद्दल: "आज रात्री साडेबारा ते साडेतीन कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल बंद करून लांब ठेवा." यंदा तो आला तेव्हा खाली कुणीतरी माझ्या गच्चीवरच्या तारेच्या लहरींनी अपाय होतो का, असाही विषय काढला. कॉस्मिक किरणं रोज, चोवीस तास येतात. तुमचा मोबाईल चालू आहे की बंद, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नाही. आणि तारेबद्दल म्हणाल, तर डी थरातले इलेक्ट्रॉन सुटे करतो सूर्याचा १२१.६ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. त्याच्या एका कणाची ऊर्जा माझ्या लहरीच्या कणापेक्षा सुमारे ३५ कोटी पट आहे. अणू-रेणूंतून इलेक्ट्रॉन उपटायला तेवढा जोर लागतो. माझ्या लहरीचे कण कितीही असोत, त्यांना ते जमत नाही. त्यांच्यानं फार तर ऊब येईल, आणि सात वॅटची ऊब ती किती? चालू असताना उघड्या तारेला हात लावू नये, एवढी काळजी मात्र घ्यायचीच, म्हणून टोकं हाताला लागणार नाहीत इतकी उंच बांधली आहेत.

खरा त्रास उलट दिशेनं होतो. एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर, चार्जर, लिफ्ट, इन्व्हर्टर, सगळे मिळून इतकी खरखर करतात की दूरचा आवाज तिच्यात बुडतो. हे दुखणं आपल्या भागाला जुनंच आहे. कुलाब्याच्या वेधशाळेनं सप्टेंबर १८५९चं प्रचंड सौरवादळ चुंबकसूचीवर टिपलं होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. तिथे आजही नोंदी होतात. ती चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आपल्याच शेजारी, नवीन पनवेलला आहे. त्या वेधशाळेसारखं खरखर टाळायला अलिबागला जाणं मला शक्य नाही. पण दुरुस्तीसाठी शुक्रवारी लाईट गेले की मी जिना चढून वर पळतो. अख्खा परिसर गप्प झालेला असतो, माझा सेट बॅटरीवर, आणि एरवी कधीच न ऐकलेले मोर्सचे बारीक टिंब-रेघ वर येतात.

डी थर विरताना ऐकायला परवाना लागत नाही, हॅम सेटही लागत नाही. घरातला जुना ट्रान्झिस्टर काढा, मीडियम वेव्हवर लावा आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी गच्चीवर न्या. दिवसा ठरावीक जवळची केंद्रंच लागतात. काटा त्यांच्या मधल्या एखाद्या रिकाम्या जागी ठेवा. आतली अँटेना म्हणजे फेराइट या चुंबकी पदार्थाची कांडी, तिला दिशा असते, म्हणून खरखर कमी होईपर्यंत सेट आडवाच हळूहळू फिरवा. मग थांबा. उपवनच्या बाजूला सूर्य गेला की त्या रिकाम्या जागेत आधी नुसता चढ-उतार होतो, मग कधी गुजराती, कधी कन्नड, कधी न ओळखू येणारी भाषा.