मुंबई–लंडन हवाई अंतर व उड्डाणकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ व लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील पृथ्वीपृष्ठावरील किमान अंतर सुमारे 7,200 किमी. (सु. 3,890 सागरी मैल) आहे. थेट विमानाला मुंबईहून जाताना साधारणतः साडेनऊ ते दहा तास व परतताना नऊच्या आसपास तास लागतात.

हे अंतर बृहद्‌वृत्तावर (पृथ्वीच्या केंद्राभोवती पृष्ठभागावर काढता येणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळावर) मोजतात. पृथ्वीगोलावर मुंबई व लंडन यांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो पाकिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र व युक्रेन यांवरून जातो. त्याचा मध्य जॉर्जियातील तिबिलिसीजवळ येतो. मर्केटर नकाशावर (अक्षांश-रेखांश सरळ व काटकोनात दाखविणाऱ्या नकाशावर) पट्टीने आखलेली रेषा मात्र सिरियावरून जाते. होकायंत्राची दिशा कायम ठेवणारा तो मार्ग सरळ दिसत असला, तरी सु. 200 किमी.ने अधिक लांब आहे. या दोन मार्गांतील भेद पोर्तुगीज गणिती पेद्रु नुनेश याने 1537 च्या सुमारास स्पष्ट केला.

अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढण्यासाठी हॅव्हरसाइन सूत्र रूढ आहे. त्याच्या श्रेयाबद्दल एकमत नाही. पुष्कळदा ते जेम्स इनमन यास देतात. त्याच्या नौकानयनग्रंथाच्या 1835 च्या आवृत्तीत ही संज्ञा येते. तथापि जेम्स अँड्र्यू याची याच मूल्यांची कोष्टके 1805 मधील असल्याने इनमनकडे केवळ नामकरणाचे श्रेय ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. हॅव्हरसाइन म्हणजे उत्क्रमज्येचे (त्रिज्या एक धरल्यास, एकातून कोनाची कोज्या वजा करून येणाऱ्या संख्येचे) अर्ध. उत्क्रमज्येची कोष्टके सूर्यसिद्धान्त या भारतीय ज्योतिषग्रंथात आहेत. त्या ग्रंथाचा मूळ गाभा सामान्यतः चौथ्या-पाचव्या शतकातील मानतात, परंतु उपलब्ध पाठ त्यानंतरचा असावा. यावरून सूत्रही भारतीय ठरते असे म्हणता येत नाही. तसा थेट दुवा दाखविता येत नाही. शिवाय हे सूत्र पृथ्वीला पूर्ण गोल धरते. विषुववृत्तीय त्रिज्या 6,378 किमी. व ध्रुवीय 6,357 किमी. असल्याने उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. म्हणून काटेकोर कामासाठी पृथ्वी ध्रुवांशी चपटी धरणारी व्हिन्सेन्टी याची 1975 मधील पद्धती वापरतात.

ताशी 900 किमी. वेगाने हे अंतर आठ तासांत कापले गेले पाहिजे. प्रत्यक्षात तसे होत नाही. साधारण 9 ते 12 किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह (अतिवेगवान वारे) जाताना समोरून, येताना पाठीमागून लागतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. वेळापत्रकातील काळात धावपट्टीपर्यंतची वाटचाल व विमान उभे राहीपर्यंतचा वेळही धरलेला असतो. घड्याळांतील फरक हिवाळ्यात साडेपाच व ब्रिटिश उन्हाळी वेळेत साडेचार तासांचा असल्याने सुटण्या-पोहोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी करून उड्डाणकाळ मिळत नाही.

याहून मोठा परिणाम हवाई हद्दींचा. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद झाले. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना हद्द बंद केली. अशा वेळी भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून आखाताकडे वळावे लागते. त्यामुळे प्रवासाचा काळ केवळ अंतरावरून सांगणारी कोष्टके या मार्गापुरती तरी भरवशाची नाहीत.

एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने 8 जून 1948 रोजी मुंबई सोडली व कैरो, जिनीव्हा येथे थांबून ते 10 जूनला लंडनला पोहोचले. तत्पूर्वी, 1932 पासून, मुंबईची टपाल टाटांच्या विमानाने कराचीला जाऊन इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीच्या लंडनच्या सेवेस जोडली जात असे.