पृथ्वी पूर्वीही तापली होती, पण प्लवकांचं काय झालं?

हवामानबदलाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘पृथ्वी पूर्वीही तापली होती, समुद्रातल्या जीवांनी जुळवून घेतलंच की!’

पहिला भाग खरा आहे. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी जगाचं सरासरी तापमान जवळपास ५ अंशांनी वाढलं. १९९१ मध्ये जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रतळातल्या गाळात त्याची खूण दाखवली.

दुसरा भाग मात्र फसवा आहे. खोल तळाशी राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या, म्हणजे कवच असलेल्या एकपेशीय जीवांच्या, ३० ते ५० टक्के जाती कायमच्या गेल्या. वर तरंगणारी प्लवकं, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे सूक्ष्म जीव, बरीचशी तगली, हे मान्य, पण कशी? उष्ण पाण्यातलं प्लवक अ‍ॅपेक्टोडिनियम थेट ध्रुवीय समुद्रापर्यंत पसरलं. चांदणीच्या आकाराचे चुनखडी सांगाडे घडवणाऱ्या प्लवकांच्या डिस्कोअ‍ॅस्टर गटात याच काळात वेडेवाकडे, असमान हात असलेले सांगाडे दिसतात. तेव्हा अवतरलेले तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांचे काही नवे प्रकार तर ऊब ओसरताच नाहीसे झाले. हवामान पूर्ववत व्हायला दीड-दोन लाख वर्षं लागली.

आणि तेव्हाचा कार्बन हजारो वर्षांत हळूहळू हवेत आला होता. आज आपण तो त्याच्या साधारण दहापट वेगाने सोडतो आहोत.